टीव्हीतलं सुतक

माणिकरावांना सुतक पडलं होतं, आणि मेलेला माणूस टीव्हीत होता. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

श्रावणातली गोष्ट. आमच्या घरी सत्यनारायण होता, म्हणून मी शेजारी प्रसादाचं बोलावणं करायला गेलो. दार माणिकरावांनी उघडलं आणि मी दोन पावलं मागं सरकलो. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला, आणि उभा जन्म जोपासलेली मिशी साफ. ती मिशी म्हणजे आमच्या मानवत गावच्या एस.टी. स्टँडची खूण होती. गाडी कुठं चाललीय हे पाटीवर वाचण्याआधी लोक गाडीच्या दारातली मिशी बघून घ्यायचे.

"आत येऊ नका गुरुजी," ते म्हणाले. "आमाला सुतक हाय."

"अरेरे! कोण गेलं?"

"डायव्हर."

माणिकराव एस.टी.तून नुकतेच रिटायर झालेले कंडक्टर. मला वाटलं, नोकरीतला कुणी जुना सोबती असेल. मी चेहरा लांब केला आणि कधी, कसं, असं विचारलं.

"काल दुपारी. डोंगराच्या पल्याड वटवाघळांनी घेरलं. चूक माजीच हाय. औषधाचा पाला जवळ व्हता, द्यायचा राहिला."

मानवतच्या आसपास डोंगर नाही आणि माणूस मारतील अशी वटवाघळं तर अख्ख्या जिल्ह्यात नसावीत. मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलो. टीव्ही चालू होता. हिरव्या माळावर बोटभर उंचीच्या तीन बाहुल्या एकामागं एक उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं एक पेटी होती.

"ताबूत. मढ्याची पेटी," माणिकराव हळू आवाजात म्हणाले.

आतून सुमनवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, ह्यायला काई इचारू नका. कालपासून आसंच चाललंय. मला म्हणलेत, दहा दिस भाजीला फोडणी घालू नको!"

सत्यनारायणाचा प्रसाद त्या घरी गेला नाही. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मी शाळेत सांगितली आणि मास्तरमंडळी पोट धरून हसली. सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

माणिकराव मुळातच जरा वेगळे. बत्तीस वर्षं एस.टी.च्या दारात उभं राहिल्यामुळे ते घरातही पाय फाकवून, एक हात वर चौकटीला धरून उभे राहायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या आधी ते फिरायचे आणि "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय" म्हणून पाटावरच्या माणसांना दाटीवाटीनं बसवायचे. एकदा त्यांनी खुद्द नवरदेवाला सरकवलं होतं. घरात दोनच माणसं, नवरा आणि बायको. तरी बाहेर जाताना कुलूप लावण्याआधी ते आत तोंड करून ओरडायचे, "कुणी राहिलं का?" वहिनी शेजारी पिशवी घेऊन उभ्या असायच्या.

बोलायचं जिवावर आलं की ते बेल द्यायचे. म्हणजे जेवताना चमच्यानं ग्लासावर टोला. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे सुट. वहिनी भात वाढायला लागल्या की एक टोला. जेवण झालं, ताट उचला, की दोन टोले. "एवढ्या भाषेत आमी बत्तीस वर्सं काढली," ते म्हणायचे. "बाकीचं लोक उगं बोलायलेत."

तर टीव्हीतली ही चौकडी त्यांच्या घरी आली कशी, ते सांगतो. आमच्या गल्लीतला रशीद वायरमन दुबईला होता. तिथून त्यानं टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन आणलं. सोबत एक जपानी कॅसेट. बाकीच्या खेळांत गोळ्या सुटतात, मोटारी पळतात. या कॅसेटीत नुसतं चालायचं. गावात जायचं, लोकांशी बोलायचं, माळावर भुतं आडवी आली की एकेकाची पाळी घेत मारामारी करायची, आणि पुन्हा चालायचं. वर सगळी अक्षरं जपानी. रशीदच्या घरच्यांनी दोन दिवसांत ती बिघडलेली ठरवली. माणिकरावांनी वर्षानुवर्षं रशीदच्या अम्मीला गाडीत खिडकीची जागा धरून दिली होती. त्या उपकारापोटी दुबईला परत जाताना तो सगळं सामान त्यांच्या टीव्हीखाली ठेवून गेला.

रिटायर माणसाला चालत राहणारा खेळ मिळाल्यावर दुसरं काय हवं! माणिकरावांनी एक वही केली. जपानी अक्षरं जशी दिसतील तशी काढायची आणि पुढं अर्थ लिहायचा. हे चित्र म्हणजे बोला, हे म्हणजे दार उघडा, हे म्हणजे औषध. खेळातल्या धर्मशाळेला ते मुक्काम म्हणायचे. राजापुढं जाऊन उभं राहिलं की आपण कुठवर आलो हे कॅसेटीला लक्षात राहायचं. स्टँडवर गाडी लागली की कंडक्टर करतो तशी, त्याला ते "कंट्रोलरकडं नोंद" म्हणायचे. आणि कुठल्याही गावातून बाहेर पडताना ते टीव्हीकडं बघून "कुणी राहिलं का?" विचारायचे, शेजारी ठेवलेल्या ग्लासावर चमच्यानं दोन टोले द्यायचे, मग बटण दाबायचे.

चौघांची नावं त्यांनीच ठेवली होती. मला एकदा बसवून ओळख करून दिली.

"ह्यो पुढचा, तलवारवाला, डायव्हर. त्येच्या मागं मी. ही शेवटची बाई, ती सुमन. अन् तिसरा पांढऱ्या झग्यातला, काठीवाला, ते तुमी."

"मी? मी काय करतो?"

"तुमी मारामारीत मागंच ऱ्हाताव. मारून झाल्यावर मलम लावताव." मग माझं तोंड बघून म्हणाले, "तसं बी माणूस लागतंय की."

ड्रायव्हरला मात्र नाव नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "डायव्हरला काय नाव? डायव्हर म्हणजे डायव्हर."

तो मेला, तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. त्या खेळाची रीतच अशी होती की मेलेला माणूस पेटी होऊन रांगेत शेवटी जायचा आणि दुसरा आपोआप पुढं यायचा. म्हणजे आता सगळ्यांत पुढं कंडक्टर होता. "डायव्हर गेला की गाडी जाग्यावर थांबाया पायजे," माणिकराव मला उंबऱ्याबाहेरच उभं करून सांगत होते. "हितं थांबत न्हाई, गुरुजी. बटण दाबलं की चालायलीच."

दहा दिवस झाले, तेरा झाले. मला वाटलं, आता गोडाचं जेवण होईल आणि प्रकरण मिटेल. पण माणिकरावांचा हिशेब वेगळा होता. पेटी अजून रांगेत होती. तिघं जिकडं जातील तिकडं ती मागं सरपटत यायची. मढं घरातून हललेलंच नाही, तर सुतक फिटेल कसं? मी वाद घालायचा प्रयत्न केला, पण शास्त्राप्रमाणं त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग त्यांनी त्या जपानी मुलखात स्मशान शोधायला सुरुवात केली. समुद्र ओलांडले, वाळवंट तुडवलं, भुयारं पालथी घातली. प्रत्येक गावात प्रत्येक माणसापुढं जाऊन उभे राहिले. माणसं जपानीत काहीतरी सांगायची, आणि ते वहीत "म्हाईत न्हाई म्हणतोय" असं लिहायचे. चार लाकडं रचायला जागा सापडेना. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. वहिनींनी फोडणी कधीच सुरू केली होती, पण माणिकराव देवळात जात नव्हते, कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. आमच्याकडं आले तर बाहेरच्या ओट्यावर बसायचे.

आणि सुतक म्हणून टीव्हीतल्या देवळातही जात नव्हते. प्रत्येक गावात देऊळ होतं, दारात दिवे होते, आत झग्यातला पुजारी होता. माणिकराव त्या दारावरून वळसा घालून पुढं जायचे. ग्लास आणि चमचा टीव्हीशेजारी तसाच होता. पण श्रावणापासून त्यांनी एकदाही बेल दिली नव्हती. हे उंबऱ्याबाहेरून बघताना माझ्या लक्षात आलं होतं. तरी शाळेत मी फक्त स्मशानाचा भाग सांगत होतो, कारण हसू त्याला यायचं.

थंडी पडली आणि नामांतराचं वारं पुन्हा सुटलं. या खेपेला विद्यापीठाचं नाव बदलणारच, असं लोक बोलायला लागले. स्टँडवर पोलिसांची गाडी उभी राहायला लागली. मुक्कामाच्या गाड्या कमी झाल्या. चहाच्या हॉटेलात अनोळखी माणूस येऊन बसला की लोक बोलणं बदलायचे. पंधरा वर्षांपूर्वीचे दंगे ज्यांना आठवत होते ते गप्प होते, आणि ज्यांना आठवत नव्हते ते फार बोलत होते.

त्याच सुमारास रशीद सुटीवर आला. माणिकरावांचा अवतार आणि टीव्हीतली पेटी बघून तो हसायलाच लागला.

"चाचा, ये क्या? इसको अब तक ले के फिर रहे?"

"मग काय करावं? स्मशान कुठं हाय?"

"स्मशान कायकू? मंदिर में जाव ना! उधर पुजारी कू थोडी मोहरां दिये की मुर्दा उठ के खडा होता. दुबई में सब्बी वैसाच खेलते."

उंबऱ्याबाहेर उभा मी हसणार होतो. चार महिने ज्या दारात सुतक म्हणून गेले नाहीत, नेमकं त्याच दारात सुतक फेडायची सोय! पण माणिकरावांचा चेहरा बघून मी हसलो नाही. त्यांनी मशीन बंद केलं आणि टीव्हीही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ओट्यावर आले. मी आत बोलावलं, आले नाहीत.

"गुरुजी, डायव्हर म्हणजे किसन," ते म्हणाले.

किसन त्यांच्या गाडीवरचा ड्रायव्हर. झरीच्या पुढच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातला. मला एवढंच आठवत होतं, की तो गाडी फार सावकाश वळवायचा आणि त्यावरून लोक त्याला चिडवायचे.

"अकरा वर्सं एका गाडीवर व्हतो. त्येच्या डब्यातली भाकर मी खाल्ली, माझ्यातली त्येनं. घरी कळलं असतं तर आईनं माझं ताट वेगळं केलं असतं, म्हणून घरी कधी सांगितलं न्हाई. मग नामांतराचा पहिला दंगा झाला. गावं जळायलती. दुपारच्याला आमची गाडी एका फाट्यावर आली तर झाड आडवं टाकलेलं. पन्नासेक माणसं व्हती. चार जण वर चढले अन् मला इचारलं, डायव्हर कुठला? कोन्त्या जातीचा?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"मी गप बसलो. किसननं आरशातून माझ्याकडं बगितलं. कुठलं तरी आडनाव फेकायचं, गुरुजी. देशमुख म्हणायचं, जाधव म्हणायचं, काय बी. बत्तीस वर्सं बडबड केली अन् तवा तोंड उघडलं न्हाई. मी गप बसलो तवा त्येंला कळलं. त्येला खाली वढलं. गाडीत सत्तेचाळीस सवाऱ्या व्हत्या. एक बी उठली न्हाई. झाड बाजूला करून ते म्हणले, न्या गाडी. एका सवारीला ट्रॅक्टर चालवता येत व्हता. तो बसला स्टेरिंगवर. अन् मी..."

त्यांचा उजवा हात वर गेला, बेलची दोरी धरल्यासारखा, आणि तिथंच राहिला.

"मी डबल बेल दिली. कुणी सांगितलं नव्हतं. हातच गेला. कुणी राहिलं का, ते इचारलं न्हाई."

किसन परभणीच्या दवाखान्यात चार दिवस होता. पाचव्या दिवशी गेला. माणिकराव दवाखान्यात गेले नाहीत आणि मातीलाही गेले नाहीत. लोक काय म्हणतील, ही भीती होती.

त्या सत्तेचाळीसांत मी नव्हतो. त्या आठवड्यात मी घराला आतून कडी लावून बसलो होतो. पण गाडीत असतो, तर अठ्ठेचाळिसावा गप्प माणूस झालो असतो, एवढंच. पांढऱ्या झग्यातला, मागं राहणारा. चार महिने मी त्यांच्या सुतकावर हशा वसूल केला होता आणि त्याची मला लाज वाटली. ती मी त्यांना बोलून दाखवली नाही.

"आता रशीद म्हणतोय उठवता येतंय," माणिकराव म्हणाले. "पण त्येच्या घरच्याला न इचारता मी कोण उठवणार? तुमी चला संगं. गाड्या पुन्ना बंद व्हतील म्हणतेत. आजच जाऊ."

एरवी मी म्हटलं असतं, अहो, तो खेळ आहे. त्या दिवशी मी चपला घातल्या.

किसनची बायको, गयाबाई, दुसऱ्याच्या रानातला कापूस वेचून नुकतीच आली होती. ओटीतला कापूस दारात पोत्यावर ओतून त्यातला पाला निवडत होती. माणिकराव दारात उभे राहिले. सवयीनं पाय फाकवून, एक हात चौकटीला. तिनं वर बघितलं.

"कंडक्टर न्हवं का तुमी? मिशी कुठं गेली?"

वाटेत माणिकरावांनी बरंच बोलायचं ठरवलं असणार. पण त्यांच्या तोंडून आधी टीव्हीच बाहेर आला. जपानी कॅसेट, वटवाघळं, ताबूत, सापडत नसलेलं स्मशान, चार महिन्यांचं सुतक. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. गयाबाईचे हात कापसात चालत होते.

"सुतक?" ती म्हणाली. "आमी धम्म घेतला तवाच सोडलं ते समदं. तुमी कुणासाठी धरलं?"

माणिकरावांचा चौकटीवरचा हात खाली आला.

"चार दिस व्हता दवाखान्यात," ती म्हणाली. "दार वाजलं की म्हणायचा, बग गं, माणिक आला आसंल. मी म्हणायची, न्हाई, नर्सबाई हाय. पुन्ना वाजलं की पुन्ना तेच. त्येनं तुमाला एक शिवी दिली न्हाई. मी दिल्या. आजून देते."

"द्या," माणिकराव म्हणाले आणि खाली मातीत बसले. त्या मोठ्या देहाच्या माणसाला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं.

तिनं त्यांना थांबवलं नाही. कापसाचा ढीग एका अंगाला सारला, उठली, तांब्या भरून आणला आणि आमच्यामध्ये ठेवला. पाणी आम्ही प्यालो. त्यात आमचा काही मोठेपणा नव्हता. तहान लागली होती.

"त्यो तुमचा टीव्हीतला," रिकामा तांब्या उचलत ती म्हणाली, "उठल्यावर बोलतो का?"

"न्हाई. नुसता चालतो."

"मंग उठवा." ती पुन्हा पाला निवडायला बसली. "पर पुढं घालू नका त्येला. लय हाकली गाडी त्येनं. आता मागं कुठं तरी बसू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकरावांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि टीव्ही लावला. मी आत बसलो होतो. चार महिन्यांनी त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं होतं. तिघं आणि मागं पेटी, असे ते एका गावात शिरले. देवळापाशी आले. माणिकराव दारात थोडा वेळ थांबले. मग आत गेले. पुजारी जपानीत बराच वेळ काहीतरी म्हणत होता. त्यांनी वहीत बघून एकेक बटण दाबलं. बारीकसं वाजलं, आणि पेटीच्या जागी तलवारवाला उभा राहिला. रांगेत शेवटी, वहिनींच्या मागं. त्यानं मान वळवली नाही, काही विचारलं नाही. जणू मधे काही झालंच नव्हतं.

"काईच म्हणला न्हाई," माणिकराव पुटपुटले.

चौघं देवळाबाहेर आले. मी, वहिनी आणि माणिकराव, आम्ही तिघं त्या पडद्यावरही होतो आणि पडद्यासमोरही. चौथा फक्त पडद्यावर होता. वहिनींनी ग्लास आणि चमचा त्यांच्यापुढं आणून ठेवला. त्यांना सगळं माहीत होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

माणिकरावांनी पडद्याकडं बघून विचारलं, "कुणी राहिलं का?"

मग चमचा उचलला आणि ग्लासावर टोला दिला. मी दुसऱ्या टोल्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला होता, आणि बटणावरचा हातही काढून घेतला होता. पडद्यावर चौघं जागच्या जागी पाय हलवत उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांबा जरा," माणिकराव म्हणाले. "त्येला चढू द्या."